गाडी लांब लाव

शेतकऱ्याच्या दारात चारचाकी उभी दिसली की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा: यानं सोसायटीचं कर्ज फेडलंय का? गाडी नवी आहे की जुनी, घरात कुणी म्हातारं आहे का, पोरगी रोज कुठल्या गावाला कॉलेजला जाते, यातलं काही मला विचारावंसंही वाटायचं नाही. गाडी दिसली की निकाल लागलेला असायचा. आणि हा निकाल लावणारा मी कुणी शहरातला माणूस नव्हे. मी पुणतांब्याचा. थोडा ऊस, थोडा पेरू, दोन गायी, आणि सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत ज्याचं स्वतःचं नाव येऊन गेलेलं आहे असा शेतकरी.

हा विचार माझ्यात आला कुठून, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आमच्या लहानपणी गावात मोटार म्हणजे डॉक्टरांची फियाट, नाहीतर कारखान्याच्या साहेबांची जीप. बाकीच्यांना बैलगाडी आणि सायकल. लांब जायचं तर स्टेशन गावातच. दौंड–मनमाड मार्गावरचं आमचं जुनं स्टेशन. 2009 पासून इथून शिर्डीचा फाटा निघतो. दाराशी रेल्वे असताना मोटार कशाला, असं वडील म्हणायचे आणि त्या काळी ते खरंही होतं. पुढे समृद्धी महामार्गात कोपरगाव, वैजापूर तालुक्यांतल्या लोकांच्या जमिनी गेल्या, मोबदला आला. काहींनी दुसरीकडे रान घेतलं. काहींनी दारात मोठाल्या गाड्या आणून उभ्या केल्या, आणि डिझेल परवडेना तशा त्या ताडपत्रीखाली गेल्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. वाघावर बसून ज्ञानोबांच्या भेटीला निघालेल्या चांगदेवांची समाधी आमच्याच गावात आहे. वाहनाच्या थाटाचं पुढे काय होतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तेव्हा मोठ्या गाडीबद्दलचा माझा राग अगदीच निराधार नव्हता. पण त्या रागात मी सगळ्याच गाड्या ओढल्या. दीड-दोन लाखांची जुनी छोटी गाडी आणि वीस लाखांचं धूड यांत मी फरक केला नाही. करायची गरजच वाटली नाही.

खरं कारण मात्र याच्या पुढचं आहे, आणि ते सांगायला मला जड जातं.

1 जून 2017 ला महाराष्ट्रात शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो आमच्या गावातून. आधी ग्रामसभेत ठराव झाला होता, मग तो वणव्यासारखा जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. दूध, भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यायचा नाही. गावात कॅमेरे आले, पुढारी आले. त्या महिन्यातच, 24 जूनला, सरकारनं 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखाच्या मर्यादेची. त्या सगळ्या दिवसांत मी होतो. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्याच दिवसांत टीव्हीवर कुणीतरी म्हणालं की हे कसले गरीब शेतकरी, हे तर गाड्यांतून फिरतात. ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. मला संताप यायला हवा होता, आणि आलाही. पण संतापाखाली दुसरंच काही बसलं: आपल्या बाजूच्या माणसानं गाडी घेतली तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. म्हणजे आपली मागणी खरी वाटायची तर आपण गरीब दिसलं पाहिजे. जो आमची टिंगल करत होता, त्याचाच नियम मी गावात राबवायला लागलो.

माझ्या धाकट्या चुलतभावानं तेव्हा एक जुनी वॅगन आर घेतली होती. कंपनीतूनच सीएनजी बसवलेली, बरीच वापरलेली. दोन लेकरं, बायको शिवणकाम करते, जमीन माझ्याहून कमी. कट्ट्यावर मी त्याच्या मागं बोललो. ‘पेरूचा भाव पडला म्हणून रडतो आणि गाडीतून फिरतो’ हे शब्द माझे आहेत.

2022 च्या जूनमध्ये गावात पुन्हा धरणं धरलं. ऊन अंगावर येत होतं. भाऊ गाडी घेऊन आला आणि मंडपाच्या कडेला लावायला लागला. मी उठून गेलो, काचेवर हात मारला आणि म्हणालो, “गाडी लांब लाव. कॅमेऱ्यात येईल.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, गाडी मागं घेतली. मला वाटलं, आपण आंदोलनाची अब्रू राखली.

मी एकटाच असा विचार करतो असंही नव्हतं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिच्यात अट होती: ट्रॅक्टर सोडून दुसरी चारचाकी घरात कुणाच्या नावावर असेल तर त्या घरातल्या बाईला पैसे नाहीत. गाडी कितीची, किती जुनी, हे त्या अटीत कुठेच नाही. माझ्या मनातलाच नियम सरकारी कागदावर उतरलेला पाहून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

आता आईबद्दल.

माझ्या आईचे गुडघे गेलेत. घरात भिंतीला धरून चालते, अंगणात काठी घेते. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसणं तिला जमेनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली. एसटीची पायरी चढवत नाही, रेल्वेच्या डब्याची त्याहून नाही. काही वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाला मी मुद्दाम भाड्यानं मोठी गाडी केली होती, आई आरामात जाईल म्हणून. त्या गाडीचा पायरीचा लोखंडी पट्टाच आईच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. एक पाय वर जाईना. शेवटी दोघांनी तिला काखेत धरून वर ढकललं. पदर सुटला, तो तिनं दातांत धरला. कार्यालयासमोर उतरतानाही तोच प्रकार, आणि तिथं तर सगळे पाहुणे उभे. त्यानंतर कुठं जायचा विषय निघाला की आई म्हणायची, “मला कुठं जायचंय आता. बरं हाय हितंच.” मी ते ऐकलं आणि मानलं. वय झालं, मन निवलं, असं मी लोकांना सांगायचो. आईचं मन निवलं हे माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिचं माहेर येवल्यापासून थोडं आत. तिथं तिचा एकच भाऊ उरलाय. मामा आधी दर भाऊबीजेला यायचे, पुढे त्यांनाही प्रवास झेपेना. दोन दिवाळ्या फोनवर ओवाळणी झाली. 2024 च्या भाऊबीजेला सकाळी मी गोठ्यातलं आवरून आलो, तर अंगणात भावाची गाडी उभी. आई ओट्यावर बसलेली. अंगात नवं लुगडं, केस विंचरून अंबाडा घातलेला, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, “येवल्याला.”

फडक्यात कुंकवाचा करंडा, सुपारी, दोन फुलवाती आणि तुपाची छोटी डबी होती. म्हणजे हे सकाळी उठून ठरलेलं नव्हतं. मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, “मोठ्याईंनी परवाच सांगितलं होतं, दादा.” मी आईला म्हणालो, मला का नाही सांगितलं? तिनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. म्हणाली, “तू नको म्हणला असतास. त्याच्या गाडीत कशाला, म्हणला असतास.”

मी काहीच बोलू शकलो नाही, कारण मी तेच म्हणालो असतो. कट्ट्यावरचं माझं बोलणं घरात पोचलं होतं. सत्तरी उलटलेल्या माझ्या आईनं स्वतःच्या भावाला ओवाळायला जायचं म्हणून पुतण्याशी गुपचूप ठरवलं होतं, मुलाच्या मताच्या धाकानं. जो माणूस धरणं धरून सरकारला जाब विचारत होता, त्याला घरातली म्हातारी साधी इच्छा सांगू शकत नव्हती.

मग ती उठली. मी धरायला पुढे झालो, लग्नातली ती आठवण माझ्याही मनात होती. तिनं माझा हात बाजूला केला. भावानं पुढचं दार उघडलं होतं. आई गाडीकडे पाठ करून उभी राहिली, हात मागं नेऊन सीट चाचपली आणि बसली. वर चढावं लागलं नाही, खाली वाकावं लागलं नाही. सीट तिच्या कमरेच्या थोडी खालीच होती, घरातल्या खुर्चीएवढी. मग तिनं एक पाय हातानं उचलून आत घेतला, दुसरा घेतला, पदर सारखा केला आणि दार ओढून घेतलं. कुणी तिला हात लावला नाही. हे सगळं व्हायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. मी तिथं उभा राहून पाहत होतो आणि मला कळत होतं की एवढ्या वर्षांत तिला माहेरापासून अडवणारी गोष्ट काय होती. गुडघे होतेच. पण त्या गुडघ्यांना झेपेल अशा उंचीची एक सीट शेजारच्या दारात रोज उभी होती, आणि मधे मी होतो.

मी मागच्या सीटवर बसून गेलो. आईनं काच खाली करायला लावली. कोपरगावला गोदावरीचा पूल आला तसं ती भावाला म्हणाली, “हळू घे जरा,” आणि नदीला हात जोडले. आमच्या गावाच्या खालून तीच नदी वाहते. पण पुलावरून तिनं ती कधीपासून पाहिली नव्हती, ते मला सांगता येणार नाही. येवल्याच्या अलीकडे ती कुणाची कुठली विहीर, कुठल्या गावाला तिची कोण मैत्रीण दिली होती, हे सांगत होती. मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मामा अंगणात पाटावर बसून वाट बघत होते. फोन न करता आम्ही येऊ याची इतकी खात्री त्यांना कशी, असं मी विचारलं तर कळलं की त्यांनाही परवापासून माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. परत येताना तिला कोटमगावच्या जगदंबेचं दर्शन हवं होतं. भाऊ काही न बोलता तिकडे वळला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल, दमून झोपलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्या गाडीकडे बघायला लागलो. आधी मी ती पाहिलीच नव्हती. सकाळी भावाची बायको लेकरांना घेऊन दवाखान्यात जायची. मागची सीट पाडून पेरूचे क्रेट भरले जायचे, कारण डिकीत गॅसची टाकी. रस्त्यात बंद पडली असं कधी ऐकलं नाही. पडली तरी श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, कुठल्याही मेस्त्रीकडे तिचा सुटा भाग मिळतो आणि मेस्त्रीचा हातही बसलेला असतो. खेड्यात गाडीचा भरवसा म्हणजे हाच.

मग मी वाचायलाही लागलो. ही गाडी मुळात जपानची, 1993 ची. भारतात ती 1999 च्या डिसेंबरात आली. जपानमध्ये छोट्या गाड्यांना कर कमी, पण लांबी-रुंदी आणि इंजिन किती असावं याची कायद्यानं घातलेली मर्यादा कडक. जागा आडवी वाढवता येईना, तेव्हा त्यांनी गाडी उंच केली आणि माणसाला खुर्चीत बसवावं तसं बसवलं. जपानच्या करनियमातून निघालेली ती उंची माझ्या आईच्या गुडघ्यांच्या कामी आली. तिकडच्या खेड्यांत शेतकऱ्याच्या दारात अशी छोट्या इंजिनाची गाडी किंवा छोटा ट्रक असणं अगदी नेहमीचं आहे.

त्याहून मला हलवलं ते फ्रान्सच्या गोष्टीनं. 1930 च्या दशकात सित्रोएन कंपनीच्या पिएर बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना एक गाडी करायला सांगितली. तिच्यात दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे बसले पाहिजेत, ताशी 60 किलोमीटर गेली पाहिजे, 100 किलोमीटरला 3 लिटर पेट्रोल पुरलं पाहिजे, आणि नांगरलेल्या रानातून नेली तरी टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. मधे महायुद्ध आलं, गाडी 1948 मध्ये लोकांसमोर आली आणि 1990 पर्यंत तयार होत राहिली. शेतकऱ्याचं ओझं, त्याचं रान, त्याची अंडी समोर ठेवून एका माणसानं गाडीचा विचार केला. आणि मी शेतकरी असून, शेतकऱ्यानं गाडीत दिसू नये म्हणून पहारा देत होतो.

आपल्याकडेही तसा विचार झाला होता. स्कूटरवरून पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली, 2009 मध्ये ती आली, 2018 मध्ये बंद झाली. सर्वांत स्वस्त म्हणून ती विकली गेली आणि तेच तिला बाधलं, असं पुढे त्यांनीच सांगितलं. लोकांना स्वस्त गाडीतून उतरताना दिसायचं नव्हतं. मला कुठल्याच गाडीतून दिसायचं नव्हतं. दोन्हीकडे बघणाऱ्याचा विचार आधी, बसणाऱ्याचा नंतर.

तरी मी लगेच गाडी घेतली नाही. वर्ष गेलं. पैसे हे कारण होतंच. आमच्याकडे कुठलीही किंमत उसाच्या टनांत मोजली जाते. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला 3,550 रुपये, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. अडीच लाखांची जुनी गाडी म्हणजे काही कापण्याआधीचा सत्तर टन ऊस. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तसे जुन्या गाड्यांचे भावही जरा नरमले असं मेस्त्री म्हणाला. मुलगा म्हणत होता, हप्त्यावर नवीच घ्या. हप्त्याला मी तयार नव्हतो, आजही नाही. दुधाचा आणि उसाचा भाव माझ्या हातात नसताना महिन्याचा हप्ता गळ्यात बांधून घ्यायचा नाही, या मतावर मी ठाम आहे.

दुसरा पेच बायकोचा. गाडी माझ्या नावावर झाली की लाडकी बहीण योजनेतले तिचे महिन्याचे पंधराशे बंद. ते पैसे तिचे होते, तिच्या खात्यावर येत होते, त्यातून ती काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. मी तिला म्हणालो, तू सांगशील तसं. ती म्हणाली, “अहो, पंधराशेसाठी आईंना अजून किती वर्षं घरात बसवायचं?” थोड्या वेळानं म्हणाली, “पण मग मला चालवायला शिकवायची. नुसती मागं बसणार नाही मी.” तिच्या खात्यावरचे पैसे थांबले. नियम तसा आहे. तिनं काय सोडलं हे मात्र घरात सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं, म्हणून इथं लिहितो.

एमएच 17 पासिंगची, भावाच्या गाडीसारखीच जुनी वॅगन आर मिळाली. मेस्त्रीला घेऊन भल्या सकाळी गेलो, इंजिन थंड असताना चालू करून पाहायला. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, तो कागद पाहिला. रंग दोन ठिकाणी उडालेला आहे, तो तसाच ठेवलाय. बायको शिकली, माझ्यापेक्षा सफाईनं चालवते. मला अजून मागं घेताना घाम फुटतो.

गाडी घरी आल्यावर मी भावाकडे गेलो. कट्ट्यावर काय काय बोललो ते त्याला सांगितलं, त्याला ते माहीत होतं. मग धरण्याच्या दिवसाचं काढलं. तो म्हणाला, “तेव्हा गाडीत पाण्याचे जार होते दादा. लोकांसाठी आणले होते. लांब लावली, म्हणून एकेक खांद्यावर आणले.” मी ते जार पाहिले होते. त्यातलं पाणी प्यायलोही होतो. कुणी आणले हे विचारलं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या. ते जाऊ देण्याचा हक्क त्याचा आहे, माझा नाही.

संपातल्या मागण्यांबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. उत्पादनखर्चावर भाव मिळाला पाहिजे, हे मी गाडी नसतानाही म्हणत होतो, आता गाडी असतानाही म्हणतो. परवा पुण्याचे एक नातेवाईक अंगणात गाडी पाहून म्हणाले, आता कर्जमाफी नको ना मागायला? मी त्यांना उसाचा हिशेब सांगितला, दुधाचा सांगितला, गाडीची किंमत सांगितली, आणि कुठलेही आढेवेढे न घेता सांगितलं की हो, मागणार. पूर्वी मी खाली मान घातली असती, किंवा गाडी भावाची आहे म्हणालो असतो.

आईला आता नेवाशाला जायचंय. चांगदेवांच्या गावात जन्म गेला आणि ज्ञानोबांचा पैस खांब पाहिला नाही, असं ती म्हणते. हेही तिच्या मनात होतं, हे मला आत्ता कळतंय. एकादशीला गर्दी असते म्हणून बारशीला जायचं ठरलंय. गाडी बायको चालवणार आहे. बरोबर भावाची बायको आणि लेकरं. मला जाता येणार नाही, त्या दिवशी आमच्या चारीला पाटपाणी आहे.